रुमाल, कपाट आणि लोखंडी हात

मराठवाड्यातल्या कन्नडच्या तहसिलात जुनी खासरा पाहणी, म्हणजे शेतजमिनीची नोंद, काढायची, तर आधी अर्ज द्यावा लागतो आणि मग अभिलेख कक्षातल्या माणसाची वाट पाहावी लागते. गाव, सर्व्हे नंबर आणि साल कळलं, की तो घोडीवर चढतो, नेमका रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेला गठ्ठा, उतरवतो आणि गाठ सोडतो. कुठला कागद कुठल्या खणात, हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. जगातल्या मोठ्या संगणक केंद्रांत हेच काम एक यंत्र करतं. त्याला टेप लायब्ररी म्हणतात.

कपाटाएवढ्या खोक्यात खणच खण, प्रत्येक खणात तळहाताएवढी टेपची कार्ट्रिज आणि तिच्या कडेला बारकोड. मधल्या बोळातून रुळावर एक यांत्रिक हात धावतो. तो हवी ती कार्ट्रिज उचलून टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या ड्राइव्हमध्ये सारतो आणि काम झालं, की परत खणात ठेवतो. खणात पडून असलेली टेप वीज खात नाही. ती कुठल्या तारेलाही जोडलेली नसते, म्हणून सायबर चोराचा हात तिथवर पोचणं अवघड.

आयबीएमच्या 3850 यंत्रात 1974 साली हे खण मधाच्या पोळ्यासारखे षटकोनी होते. एका कार्ट्रिजमध्ये 50 मेगाबाइट मावत, म्हणजे आजचे मोबाइलवरचे दहा-बारा फोटो. 1987 साली स्टोरेजटेक कंपनीने बारा बाजूंची कणगी उभी केली. आत सुमारे 6,000 कार्ट्रिज, मध्ये गोल फिरणारा हात. पण कणगी भरली, की तिची भिंत सरकवता येत नाही. शेजारी दुसरी बांधायची आणि मधल्या खिडकीतून कार्ट्रिज पलीकडे द्यायची.

2000 साली आलेल्या आयबीएम 3584 ने गोल सोडून सरळ रांग धरली. पहिलं कपाट घ्या, गरज वाढली की शेजारी दुसरं जोडा, असं सोळांपर्यंत. रूळ लांबतो, हात तोच राहतो. कुणाला ड्राइव्ह जास्त हवेत, कुणाला नुसते खण, तशी कपाटांची जुळणी वेगळी. पुढे दुसरा हात आला. एक बिघडला तर दुसरा काम ओढतो. 2008 साली दाट खणांची कपाटं आली. एका खणात पाचपर्यंत कार्ट्रिज, एकामागे एक. मागची हवी तर पुढच्या आधी बाजूला काढायच्या, जसं गोदामात तळची थप्पी काढताना करतात. म्हणून रोज लागणारी पुढे आणि क्वचित लागणारी मागे, हा हिशेब यंत्रच ठेवतं.

कपाट तेच राहतं, ड्राइव्हची पिढी मात्र बदलते. एलटीओ जातीच्या पहिल्या टेपमध्ये 2000 साली 100 गिगाबाइट मावत. 2021 च्या नवव्या पिढीत 18 टेराबाइट मावतात, म्हणजे 180 पट, आणि टेपची लांबी एक किलोमीटरहून थोडी जास्त. मेख इथेच आहे. सातव्या पिढीपर्यंतचा ड्राइव्ह आपल्या मागच्या दोन पिढ्यांची टेप वाचायचा; आठव्या आणि नवव्या पिढीचा फक्त एका पिढीपर्यंत मागे जातो. पाचव्या पिढीची टेप शाबूत असली, तरी नवव्या पिढीच्या ड्राइव्हपुढे ती मुकी. म्हणून नवे ड्राइव्ह आले, की लायब्ररीत काही काळ जुने आणि नवे शेजारी ठेवतात. जुना वाचतो, नवा लिहितो. ही नक्कल पुरी होईपर्यंत जुन्याला निवृत्ती नाही.

जपलेलं वाचणारा उरत नाही, हे मराठवाड्याला वेगळं समजावून सांगायला नको. 2023 साली मराठा आरक्षणाच्या प्रश्नात न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामकाळचं दप्तर बाहेर निघालं. कागद होते, शाईही होती. पण उर्दू आणि मोडी वाचणारे हुडकावे लागले. रुमाल जपणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या नेमली गेली. वाचणारा मात्र आपल्या जागी दुसरा तयार न करताच निघून गेला. टेप लायब्ररीत जुन्या ड्राइव्हला तशी मुभा नसते.