वारे गेलेल्या रुग्णाचे चित्र

‘अंगावरून वारे गेले’ असे महाड-पोलादपूरकडे म्हणतात तेव्हा मेंदूच्या रक्तवाहिनीत दोहोंपैकी एक गोष्ट घडलेली असते: गुठळी अडकून रक्त थांबलेले असते, नाहीतर वाहिनी फुटून रक्त मेंदूत सांडलेले असते. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. तोंड वाकडे, हात लुळा, जीभ जड. उपचार मात्र एकमेकांच्या उलट. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन रक्तस्राव झालेल्याला दिले तर जीवच जाऊ शकतो. म्हणून सीटी स्कॅन झाल्याशिवाय डॉक्टर त्या इंजेक्शनला हात लावत नाहीत.

सीटीच्या करड्या चित्रात ताजे रक्त पांढरेशुभ्र दिसते. गुठळीचे तसे नाही. पहिल्या काही तासांत चित्र निरोगी माणसाचे वाटू शकते. तेव्हा ‘स्कॅन नॉर्मल आला’ एवढे ऐकून रुग्णाला घरी आणणे घातक ठरते. शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडून पुन्हा सीटी केला की रक्तवाहिन्यांचे झाड उजळते आणि त्याची एखादी फांदी मध्येच तुटलेली दिसते. गुठळी तिथे असते.

या युक्तीचे मूळ जुने आहे. जून १९२७ मध्ये लिस्बनला एगास मोनिझ यांनी मानेच्या धमनीत सोडियम आयोडाइड टोचून जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या क्ष-किरणांवर प्रथम दाखवल्या. मेंदूचा गर थेट दिसायला मात्र १९७१ उजाडले, हाउन्सफिल्ड यांच्या सीटी यंत्राने.

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांची. मोठ्या वाहिनीतील गुठळी त्याने अनेकदा हटत नाही. मग रेडिओलॉजीचे तज्ज्ञ पडद्यावर पाहत जांघेतील धमनीतून बारीक नळी मानेतून थेट मेंदूपर्यंत नेतात. टोकाची जाळी गुठळीत उघडते, गुठळी तिच्यात गुंतते आणि नळीबरोबर बाहेर येते. या उपचाराचा फायदा २०१५ मधील चाचण्यांनी निर्विवाद दाखवला. निवडक रुग्णांत तो चोवीस तासांपर्यंतही करता येतो. वाहिनीला फुगा आलेला असेल तर याच वाटेने आत प्लॅटिनमची बारीक तार वेटोळी घालून तो बंद करतात. मधुमेहाने किंवा तंबाखूने पायाच्या धमन्या अरुंद झालेल्यांनाही अशीच नळी घालून वाहिनी रुंद करता येते, आणि कित्येकांचा पाय वाचतो.

या तासांतच रस्त्याचा वेळही धरावा लागतो: पोलादपूरहून महाड वीसेक किलोमीटर, तिथून पनवेल शंभराहून अधिक. पावसाळ्यात घाटात दरड आली तर हिशेबच कोलमडतो. त्यामुळे रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करतानाच सीटी चालू असलेले जवळचे रुग्णालय विचारून घेणे फार मोलाचे. वाटेत दोन दवाखाने बदलण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

रुग्णालयात पोहोचताच पहिला प्रश्न येतो: माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला? रात्री दहाला झोपलेला माणूस पहाटे सहाला लुळा सापडला, तर घड्याळ दहापासून धरतात. तेव्हाही आशा सोडत नाहीत. मेंदूचा किती भाग मेला आणि किती अजून तग धरून आहे, हे एमआरआय किंवा रक्तपुरवठा मोजणारा सीटी दाखवतो, आणि तग धरलेला भाग मोठा असेल तर त्या रुग्णालाही उपचारासाठी आत घेतात.