गादीवरून उठण्याची तयारी

बिबवेवाडीतील अनेक व्यापारी कुटुंबांचा दिवस मार्केट यार्डाच्या घड्याळावर चालतो. कोणाची भुसाराची पेढी आहे, कोणाचे कापडाचे दुकान, कोणाचा किराणा, कोणाची स्टीलची किंवा विद्युत साहित्याची एजन्सी. सकाळी प्रवचन ऐकून गादीवर बसायचे, रात्री गल्ला मोजून, वहीत नोंद करून घरी यायचे, हा क्रम तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे अखंड चालतो. या कष्टांमुळेच आपला समाज उभा राहिला, याविषयी दुमत नाही. परंतु याच कुटुंबांतून एक वाक्य वारंवार कानी पडते : “एकदा निवांत नव्वाणू यात्रा करायची आहे, पण दुकान कोणावर सोडायचे?” हे वाक्य पन्नाशीत उच्चारले जाते, साठीत उच्चारले जाते आणि पुढे गुडघे नकार देऊ लागले की त्याचा उच्चारही थांबतो.

नोकरदारास रजा असते. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या कायद्याने कामगारास साप्ताहिक सुट्टी, वर्षाला आठ किरकोळ रजा, सणांच्या आठ पगारी सुट्ट्या आणि कामाच्या दिवसांच्या प्रमाणात साठवता येणारी रजा दिली आहे. आपल्या दुकानातील कामगाराला कायद्याने मिळणारी रजा मालकाला मात्र कोणीच देत नाही. त्याची रजा त्यालाच मंजूर करावी लागते आणि तिचा पगारही त्यालाच साठवावा लागतो. दीर्घ विश्रांती ही व्यापाऱ्यासाठी इच्छेची बाब असण्यापूर्वी हिशेबाची बाब आहे, ती याच कारणाने.

आनंद श्रावकाची मांडणी

हा विचार आपल्याला परका नाही. सातव्या अंगात, उपासकदशांग सूत्रात, भगवान महावीरांच्या दहा श्रावकांची चरित्रे आहेत. त्यांतील पहिला वाणिज्यग्रामचा आनंद गाथापती. त्याच्या संपत्तीचे वर्णन व्यापाऱ्याने मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. चार कोटी सुवर्णमुद्रा निधीत सुरक्षित, चार कोटी व्यापारात गुंतलेल्या आणि चार कोटी घरसंसाराच्या साहित्यात. याशिवाय दहा-दहा हजार गायींचे चार गोकुळ. म्हणजे जेवढे धंद्यात, तेवढेच धंद्याबाहेर सुरक्षित. आज आपल्यापैकी किती जणांचे खाते असे आहे? बहुतेकांची सारी शिल्लक मालात आणि उधारीत अडकलेली असते. मग गादीवरून उठण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे, कारण उठताच हातात रोख असे काहीच उरत नाही.

आनंदाने श्रावकव्रते घेतल्यानंतर चौदा वर्षे संसार व व्यवहार सांभाळला. पंधराव्या वर्षी त्याने मित्र, ज्ञाती व स्वजनांना निमंत्रित करून भोजन दिले, त्यांच्यासमक्ष ज्येष्ठ पुत्रावर कुटुंबाचा भार सोपवला आणि कोल्लाग संनिवेशातील पौषधशाळेत जाऊन राहिला. जाताना त्याने सर्वांना स्पष्ट सांगितले, की आजपासून कोणत्याही व्यवहारात मला विचारू नये व माझ्यासाठी अन्न रांधू नये.

आनंद परत गादीवर बसण्यासाठी गेला नव्हता. आपल्याला चार महिन्यांनी परतायचे आहे. तरीही त्याच्या तयारीतील तीन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. धंद्याबाहेर ठेवलेला निधी, चारचौघांसमक्ष सोपवलेला कारभार आणि ‘मला विचारू नका’ हा निःसंदिग्ध शब्द. यांपैकी एक जरी नसेल, तर माणूस पालीताण्यास असतो आणि मन मार्केट यार्डात.

काळ कोणता निवडावा

दीर्घ साधनेचे दिवस ठरलेले असतात. पहिले उपधान ४७ दिवसांचे. चातुर्मासात शत्रुंजयाची यात्रा बंद असते, म्हणून नव्वाणू यात्रा कार्तिकी पौर्णिमेनंतरच सुरू होते. साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या पुनःपुन्हा चढायच्या, तेव्हा दीड ते दोन महिने हाताशी हवेतच. धंद्याचेही दिवस ठरलेले असतात. कापड व सराफी व्यवसायात दिवाळीनंतर लग्नसराई उभी राहते. किराण्यात दिवाळीपूर्वीचा महिना वर्षाचा प्राण असतो. मार्च महिना सर्वांनाच हिशेबात गुंतवतो.

म्हणून प्रथम मागील तीन वर्षांच्या वह्या काढून महिनावार विक्री लिहावी. आपला मंद काळ कोणता, हे अंदाजाने न सांगता वहीने सांगावे. ज्यांना गुरुभगवंतांच्या सान्निध्यात पूर्ण चातुर्मास घालवायचा आहे, त्यांनी ध्यानात ठेवावे, की त्याचे पहिले दोन महिने अनेक धंद्यांत मंद असतात, शेवटचे दिवस मात्र दिवाळीच्या ऐन खरेदीत येतात. अशांनी मालाची खरेदी आषाढापूर्वीच ठरवून ठेवावी किंवा पहिले दोन महिने पूर्ण व पुढील दोन महिने अंशतः, अशी विभागणी करावी.

खर्चाचा ताळेबंद

आता आकड्यांकडे वळू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत.

एका मध्यम दुकानात मालावर दरमहा २,६०,००० रुपये नफा सुटतो असे धरू. भाडे, पगार, वीज, व्याज मिळून दुकानखर्च १,४०,००० आणि घरखर्च ९०,०००. शिल्लक उरते ३०,०००. मालक चार महिने दूर राहिल्यास नफा एक पंचमांशाने घटेल, म्हणजे २,०८,००० होईल, असे धरू. एका विश्वासू मदतनीसाचा पगार २५,००० वाढेल. दुकानखर्च व हा पगार वजा जाता उरतात ४३,०००. घरखर्चास ९०,००० लागतात, म्हणजे दरमहा तूट ४७,००० आणि चार महिन्यांची १,८८,०००. यात्रा, निवास व दानधर्मासाठी १,२०,००० धरू. आजारपण किंवा अडकलेली उधारी यांसाठी घर व दुकान मिळून एका महिन्याचा खर्च, २,३०,०००, राखीव ठेवू. एकूण ५,३८,००० रुपये.

दरमहाच्या शिलकेतील निम्मे, म्हणजे १५,००० रुपये, वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकल्यास व्याज न धरताही ३६ महिन्यांत ५,४०,००० जमतात. म्हणजे आज ठरवले, तर तीन वर्षांनी या कुटुंबाला चार महिने मिळतात. प्रश्न ‘परवडेल का’ असा नसून ‘केव्हा परवडेल’ असा आहे, आणि त्याचे उत्तर तारखेसह देता येते.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. हा निधी दुकानाच्या खात्यात ठेवू नये. मालाचा सौदा समोर आला की तो हमखास खर्ची पडतो. आणि विश्रांतीसाठी कर्ज काढू नये. हप्त्याची चिंता सोबत घेऊन केलेल्या यात्रेत मन स्थिर राहत नाही.

कारभार सोपवताना

एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालक आणि धंदा कायद्याच्या दृष्टीने एकच असतात. म्हणून मुलगा, भाऊ किंवा पत्नी यांच्या नावे मर्यादित मुखत्यारपत्र करावे व बँकेत सहीचा अधिकार रीतसर नोंदवावा. सह्या केलेले कोरे धनादेश मागे ठेवून जाण्याची रीत धोक्याची आहे. भागीदारी असेल, तर १९३२ च्या कायद्यानुसार धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारात एका भागीदाराने केलेली गोष्ट सर्वांना बांधते. त्यामुळे किती रकमेपर्यंतचा निर्णय कोणी घ्यायचा, हे लेखी ठरवावे.

जीएसटीचे विवरणपत्र विक्री शून्य असली तरी भरावे लागते. नियमित करदात्याने सलग सहा महिने ते भरले नाही, तर नोंदणी रद्द होण्याची वेळ येते. दुकान पूर्ण बंद ठेवून जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. सूक्ष्म व लघु उत्पादकांकडून घेतलेल्या मालाचे पैसे, २००६ च्या कायद्याप्रमाणे, लेखी करार नसल्यास १५ दिवसांत व करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. कॅश क्रेडिट खाते असल्यास बँकेला मालसाठ्याचे पत्रक द्यावे लागते. आरोग्यविम्याचा हप्ता निघण्यापूर्वी भरावा. आणि बँकेचे व करखात्याचे ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतात, हे आधीच पाहावे. लहानशी बाब आहे. पण मौनात बसलेल्या माणसाला तीच उठवते.

उधारीविषयी एक सूचना. निघण्यापूर्वी तीन महिने नवी मोठी उधारी थांबवावी व जुनी वसूल करावी. मालकाच्या गैरहजेरीत वसुली सर्वांत अवघड होते, कारण उधारी पुष्कळदा चेहऱ्यावर दिलेली असते आणि चेहराच दिसेनासा झाला की देणेकरी निश्चिंत होतो.

आधी आठ दिवस

पर्युषणाचे आठ दिवस किंवा दशलक्षणाचे दहा दिवस ही उत्तम रंगीत तालीम आहे. एका वर्षी या दिवसांत दुकान उघडे राहू द्यावे, आपण मात्र जाऊ नये आणि दूरध्वनीही करू नये. नंतर वहीत पाहावे, कोणते काम अडले, कोणती किंमत कोणालाच ठाऊक नव्हती, कोणता ग्राहक परत गेला. जे अडले ते लिहून काढावे व शिकवावे. पुढील वर्षी महिनाभर हाच प्रयोग करावा. बारा व्रतांतील देशावकाशिक व्रत आपल्याला रोजच्या वावराची मर्यादा आखण्यास शिकवते. तीच मर्यादा दूरध्वनीला लावून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास बोलावे. अठ्ठेचाळीस मिनिटांची सामायिक ज्याला फोन दूर ठेवून करता येत नाही, त्याला चार महिने कसे साधतील?

या तालमीचा खरा लाभ मागे राहणाऱ्याला होतो. अनेक घरांत तीस वर्षांचा मुलगा दुकानात बसतो, पण खरेदीचा एकही निर्णय त्याने एकट्याने घेतलेला नसतो. वडिलांची सावली चार महिने बाजूला झाली, की तो चुकेल आणि शिकेल. त्याची चूक वडील हयात व धडधाकट असताना झालेली बरी. वडिलांनी परतल्यावर पहिल्याच दिवशी सारे निर्णय फिरवले, तर हे शिक्षण वाया गेले असे समजावे.

घरातील स्त्रीची रजा

येथवरचा विचार बहुधा पुरुषास समोर ठेवून केला जातो. परंतु ज्या घरात पती चार महिने साधनेस जातो, तेथे पत्नीचे काम दुप्पट होते. घर तिचेच राहते आणि दुकानाची चावीही तिच्याकडे येते. तिने स्वतः उपधानास बसायचे म्हटले, तर पहिला प्रश्न येतो तो स्वयंपाकघराचा. तिच्या रजेचाही ताळेबंद मांडावा. स्वयंपाकास मदतनीस, वृद्धांची औषधे, मुलांच्या परीक्षा या बाबी खर्चाच्या यादीत याव्यात आणि सून, मुले व पुरुष यांच्यात कामे आधीच वाटली जावीत. तीन वर्षे साठवलेला निधी एकाच्याच नावे खर्च होऊ नये. प्रथम कोण जाणार, हे दोघांनी बसून ठरवावे. ज्याचे गुडघे आधी थकणार, त्याने आधी जावे, हा एक सरळ निकष आहे.

श्रावकाच्या अकरा प्रतिमांत आठवी प्रतिमा आरंभत्यागाची आहे. तेथे पोहोचणे सर्वांच्या आवाक्यात नसेल. परंतु गादीवरून काही काळ उठता येणे ही त्या वाटेवरची पहिली पायरी निश्चित आहे. या दिवाळीत वहीपूजन झाल्यावर नव्या वहीत एक वेगळे खाते उघडावे. त्याच्या शिरोभागी वर्ष लिहावे, महिना लिहावा, जाणाऱ्याचे नाव लिहावे आणि पहिली रक्कम त्याच दिवशी जमा करावी.