पाणंदीचे पाणी काढा, मग मुरूम टाका



हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात एक तक्रार हमखास येते. "साहेब, प्रोग्रामप्रमाणे तोड आली, फड पडला, पण ट्रॉली निघत नाही." तोडलेला ऊस पडून राहिला की त्याचे वजन घटते, साखरही घटते. टोळी बसून राहते. ओढून काढायला दुसरा ट्रॅक्टर आणावा लागतो, त्याचे भाडे निराळे. मग सगळे मिळून ठरवतात, उन्हाळ्यात मुरूम टाकू. टाकतातही. पुढच्या दिवाळीपर्यंत तो चिखलात गडप झालेला असतो, आणि दोष मुरमाला नाहीतर ट्रॉलीवाल्याला.

आपली काळी माती वाळली की दगडासारखी होते, भेगा पडतात. भिजली की फुगते आणि तिचा जोर जातो. अशा मातीवर भरलेल्या दोन ट्रॉल्यांचे ओझे आले की वरचा मुरूम खाली दबतो आणि खालचा चिखल वर येतो. चाकोरी पडते, चाकोरीत पाणी साठते, आणि ते पुन्हा खालीच मुरते. म्हणून मुरमाचा खर्च करण्याआधी पाणी येते कुठून ते पाहावे.

ते दोन ठिकाणांहून येते. जुन्या पाणंदी वर्षानुवर्षे गाड्या जाऊन खोल गेल्या आहेत. दोन्ही बाजूंची राने उंच आणि मधला रस्ता खाली, म्हणजे पावसाळ्यात तो ओढाच. हे सर्वांना दिसते. दुसरे कारण सहसा कोणी बोलून दाखवत नाही, ते म्हणजे आपलेच पाटाचे पाणी. रात्रीची पाळी असते, दंड फुटतो, पाणी पाणंदीत उतरते. पावसाळा संपून दोन महिने झाले तरी रस्ता ओलाच, आणि ऊस बाहेर काढायचे दिवस नेमके तेच.

उपाय अवघड नाही. रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच घ्यावा आणि कासवाच्या पाठीसारखा मधे फुगीर ठेवावा. 12 फूट रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडांपेक्षा 3.5 ते 4 इंच उंच हवा. डोळ्याच्या अंदाजाने हे जमत नाही, दोरी लावून पाहावे. दोन्ही अंगांना चर काढावेत. चराचा तळ रस्त्याच्या माथ्यापासून किमान 2 फूट खाली असावा आणि 200 फुटांत निदान 1 फूट उतार मिळावा. चराचे तोंड ओढ्याला किंवा नाल्याला काढून द्यायलाच हवे. नुसता खड्डा खणून ठेवला तर पाणी त्यात साठून रस्त्याखालीच मुरते. त्यापेक्षा चर नसलेला बरा.

भराव एकदम ओतू नये. 6 इंचांचा थर पसरून, पाणी शिंपडून, रोलरने दाबावा, मग दुसरा थर. मुरूम निवडताना मूठभर ओला करून दाबून पाहावा. गोळा धरला पाहिजे, पण हाताला चिकटता कामा नये. चिकटला तर त्यात माती जास्त आहे.

जिथे पाट किंवा ओघळ रस्ता ओलांडतो तिथे सिमेंटची नळी टाकावी. पैसे वाचवायला 6 इंची नळी बसवतात, ती एका हंगामात पाचटाने तुंबते. ओघळीसाठी 2 फूट व्यासाची असावी, आत फावडे जाते. नळीवर 2 फूट दाबलेला भराव हवा, नाहीतर चाकाखाली फुटते.

चंद्रपूर-वणीकडील उघड्या कोळसा खाणींत याहून कितीतरी जड डंपर कच्च्या रस्त्यांवर चालतात. तिथेही भिस्त याच गोष्टींवर : फुगीर माथा, वाहता चर, आणि चाकोरी दिसली की ग्रेडर फिरवणे. आपल्याकडे ग्रेडर नाही, पण ट्रॅक्टरच्या मागे फळी बांधून चाकोऱ्या वेळीच बुजवता येतात.

खरी अडचण चराच्या जागेची. दोन्हीकडच्या धन्यांना काही फुटांची पट्टी सोडावी लागते, आणि नांगर दरवर्षी थोडा थोडा चरात सरकतो. वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा नैसर्गिक ओघ अडवला तर मामलतदार कोर्ट अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडे 6 महिन्यांच्या आत दाद मागता येते. पण तारखा पडत राहतात आणि ऊस उभा राहतो. भाऊबंदांनी चावडीवर बसून पट्टी आखून घेतलेली चांगली, आणि आखणीत शेवटच्या फडवाल्यालाही बोलवावे. त्याचा ऊस सर्वांच्या रानावरून येतो.

मोरीच्या जागा ठरवायला आमच्या शेतकी मदतनीसास बोलवायचे असेल तर जोराचा पाऊस चालू असताना बोलवावे. पाणी कुठून येते आणि कुठे थांबते हे तेव्हाच दिसते. येताना खोरे घेऊन यावे.

— ऊस विकास अधिकारी