विश्लेषण : लिव्होनियन भाषेतील ‘ब्री’चे आपल्या ‘प्रिय’शी नाते काय?

सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आहेत, असे मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचे पहिले कलम सांगते. त्याच्या लिव्होनियन अनुवादात ‘स्वतंत्र’साठी ‘ब्रीद’ हा शब्द आहे. मराठी ‘ब्रीद’शी त्याचा संबंध नाही. ते ‘ब्री’ या विशेषणाचे अनेकवचन आहे आणि ‘ब्री’ मुळात उसना शब्द आहे.

ही भाषा कुणाची?

लिव्होनियन ही लॅटव्हियाच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांची भाषा. फिनिश आणि एस्टोनियन या तिच्या बहिणी. शेजारची लॅटव्हियन मात्र मराठीप्रमाणे इंडो-युरोपीय कुळातली.

शब्द आला कुठून?

१२०१ मध्ये बिशप आल्बर्ट यांनी रिगा शहर वसवले. जर्मन धर्मगुरू, सरदार आणि व्यापारी या भागात स्थिरावले. त्यांच्या ‘लो जर्मन’ भाषेत स्वतंत्र म्हणजे ‘फ्री’. स्थानिक भाषांत ‘फ’ हा ध्वनी नव्हता. त्यामुळे लिव्होनियनमध्ये ‘ब्री’, लॅटव्हियनमध्ये ‘ब्रीव्ह्स’ आणि एस्टोनियनमध्ये ‘प्री’ झाले.

व्याकरणात काय झाले?

लॅटव्हियनमध्ये तो ‘ब्रीव्ह्स’ आणि ती ‘ब्रीव्हा’. लिव्होनियनमध्ये व्याकरणिक लिंगच नाही, म्हणून तो असो वा ती, दोघेही ‘ब्री’. वचन मात्र बदलते. एक माणूस ‘ब्री’, अनेक माणसे ‘ब्रीद’. शेवटचा ‘द’ हा या भाषेचा स्वतःचा अनेकवचनी प्रत्यय. शब्द परका, पण नियम घरचे.

शब्द किती जुना, हे कसे ओळखतात?

जुन्या फिनिक शब्दांच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नसे. इंग्रजी ‘स्ट्रँड’चा (किनारा) पूर्वज असलेला जर्मनिक शब्द फार पूर्वी उसना घेतला गेला, तेव्हा सुरुवातीचे ‘स्ट’ गळून ‘रांदा’ उरले. ‘ब्री’ नंतर आला, म्हणून त्याचे ‘ब्र’ टिकले. लिव्होनियन लोक आपल्या भाषेला ‘रांदाकेल्य’, म्हणजे किनाऱ्याची भाषा म्हणतात. भाषेच्या नावातच उसना शब्द आहे.

मग ‘प्रिय’ कुठे आला?

जर्मनिक ‘फ्री’ आणि संस्कृत ‘प्रिय’ एकाच मुळातून निघाले. मूळच्या ‘प’चा तिकडे ‘फ’ झाला, जसे इकडे ‘पितृ’ आणि तिकडे ‘फादर’. जे प्रिय, ते आपल्या घरचे. जे घरचे, ते गुलाम नव्हेत, म्हणून स्वतंत्र. मोबाइलवरच्या जाहिरातीतला ‘फ्री’ही याच घराण्यातला.

हे महत्त्वाचे का?

परके शब्द आले की भाषा मरते, असे सर्रास बोलले जाते. लिव्होनियनने शतकानुशतके शब्द घेतले, आपल्या नियमांत बसवले आणि ती टिकली. तिला खरा फटका बसला तो बोलणारी गावे ओस पडल्याने. सोव्हिएत काळात हा किनारा सीमाक्षेत्र झाला, मासेमारीवर निर्बंध आले, कुटुंबे पांगली. लिव्होनियन मातृभाषा असलेल्या अखेरच्या व्यक्ती मानल्या गेलेल्या ग्रिझेल्डा क्रिस्टिन्या यांचे २०१३ मध्ये कॅनडात वयाच्या १०३व्या वर्षी निधन झाले.

२०१८ मध्ये लॅटव्हिया विद्यापीठात लिव्होनियन संस्था सुरू झाली. आज मोजकेच लोक ही भाषा शिकून बोलतात. ‘ब्री’ आणि ‘ब्रीद’ यांतला फरक आता त्यांच्याच तोंडी जिवंत आहे.