एक्स्प्लेनर : एकच ‘शाकुंतल’, पुण्यात संगीत नाटक अन् इटलीत ऑपेरा, चाली कुठे टिकल्या?

छत्रपती संभाजीनगर : कालिदासाच्या सात अंकी ‘अभिज्ञानशाकुंतल’वरून मराठीत १८८० मध्ये संगीत नाटक झाले, तर इटलीत १९२१ मध्ये ऑपेरा. ऑपेराची स्वरलिपी युद्धात नष्ट झाल्याचे मानले गेले, तरी तो पुन्हा उभा राहिला. आपल्या नाटकातील पदांच्या चाली मात्र युद्धाशिवायच हरवू शकतात. कशा? समजून घेऊ.

मराठीत काय घडले?
अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात सादर केले. त्याआधी विष्णुदास भावे यांच्या पद्धतीच्या नाटकांत पदे सूत्रधार गायचा. किर्लोस्करांनी ती पात्रांच्या तोंडी दिली. दुष्यंत, शकुंतला स्वतः गाऊ लागले.

ऑपेरा वेगळा कसा?
संगीत नाटकात बोलणे आणि गाणे आलटून-पालटून येते. अल्फानोच्या ऑपेरात संवादही गायले जातात आणि प्रत्येक वाद्याचा स्वर संगीतकार लिहून ठेवतो. फ्रांको अल्फानो यांनी शकुंतलेची कथा तीन अंकांत बसवली. पहिला प्रयोग बोलोन्या शहरात झाला. पुच्चिनी यांचा अपूर्ण ‘तुरांदोत’ पूर्ण करणारे संगीतकार हेच.

स्वरलिपी गेल्यावर काय झाले?
दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात ती नष्ट झाल्याचे मानले गेले. अल्फानो यांनी वाद्यवृंदाचे सगळे संगीत पुन्हा लिहिले आणि १९५२ मध्ये रोममध्ये ऑपेरा रंगमंचावर आला.

आपल्याकडे अडचण काय?
जुन्या छापील नाटकात पदावर राग, ताल किंवा नुसती ‘चाल’ दिलेली असते. चाल म्हणजे त्या काळी लोकांच्या तोंडी असलेल्या दुसऱ्या गाण्याची ओळ. ते गाणे विसरले, की पद वाचता येते. गाता येत नाही. रागाचे नाव असले, तरी पदातील नेमक्या जागा त्यावरून कळत नाहीत. त्या गुरूकडूनच शिकाव्या लागतात.

किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ मध्ये. पुढे तबकड्या निघाल्या, पण एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटे मावत. त्यामुळे लोकप्रिय पदे टिकली. ‘शाकुंतल’मध्ये पदे दोनशेच्या आसपास. आज प्रयोग तीन तासांत बसवताना आधी पदेच कापली जातात. जे गायले जात नाही, ते शिकवलेही जात नाही.

तुम्ही काय करू शकता?
तापडिया किंवा संत एकनाथ रंगमंदिरात संगीत नाटक लागले, तर जरूर पाहा. घरात आजी-आजोबांना नाट्यपदे येत असतील, तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. सुरुवातीला नाटकाचे नाव आणि पद कुणाकडून शिकले, तेही बोलून घ्या. फाइलची एक प्रत दुसरीकडेही ठेवा. अनेक पदांचा आज तेवढाच बॅकअप आहे.