कार्यसंघातील सर्जनशीलता

कार्यसंघातील सर्जनशीलता म्हणजे एकत्र काम करणाऱ्यांनी स्वानुभवातून नवे उपाय शोधून ते प्रत्यक्षात उतरविणे. कल्पना एखाद्यालाच सुचते. ती मांडण्याची मुभा आणि चुकण्याची सवलत मात्र वरिष्ठांनी द्यावी लागते. नुसती सूचनापेटी टांगून हे साधत नाही. पहिल्या चिठ्ठीला उत्तर मिळाले नाही की दुसरी पडत नाही.

महाराष्ट्रातील याचे जुने व ठळक उदाहरण किर्लोस्करवाडीचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवीत असत. तेथे बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. पुढे बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर बनविले. परंतु लोखंडाने जमीन नासेल या धास्तीमुळे पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. १९१० मध्ये औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर त्यांनी कारखाना वसविला. सहकारी निवडताना त्यांनी पदवी पाहिली नाही, हे विशेष. शंभोराव जांभेकर यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडलेले, अनंतराव फळणीकर यांची तर शाळाही अपुरी. तरी दोघेही तेथे कल्पक अभियंते म्हणून पुढे आले. बंधू रामुअण्णांनी वसाहतीची आखणी केली, तर मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळला.

कामगारांच्या सूचनांना नियमित बैठकीचे रूप देणारी गुणवत्ता मंडळे जपानमध्ये १९६२ पासून सुरू झाली आणि १९८०च्या दशकात भारतीय कारखान्यांत पसरली.