प्रिंटरचा गट नंबर

नीरा डाव्या कालव्याचं पाणी हवं, तर हंगामाआधी सात नंबरचा फॉर्म भरायचा आणि शेजपाळीत आपला नंबर येण्याची वाट बघायची. बारामती-इंदापूरकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण तिथल्याच एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात लाइट जाऊन आली आणि प्रिंटर 'सापडेना' झाला, की सगळे केबल हलवत बसतात. केबल बहुधा निर्दोष असते. प्रिंटरचा पत्ता बदललेला असतो.

नेटवर्कवर नुकत्याच चालू झालेल्या यंत्राला पत्ता नसतोच. ते ०.०.०.० या पत्त्यावरून सगळ्यांनाच हाक मारतं. डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे इथला पाणी वाटणारा पाटकरी, एक मोकळा पत्ता पुढे करतो, यंत्र तोच मागतं आणि सर्व्हर होकार देतो. राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेली ही पद्धत १९९७ च्या मसुद्यानुसार आजही चालते. पत्ता मिळतो तो मुदतीवर; साधारण निम्मी मुदत सरली, की यंत्र वाढवून मागतं. येणाऱ्या-जाणाऱ्या मोबाइलला हे ठीक. प्रिंटरचा पत्ता मात्र बाकीच्या संगणकांनी एकदाच नोंदवून ठेवलेला असतो, आणि अनेक स्वस्त राउटरमधल्या सर्व्हरची पत्त्यांची वही लाइट जाताच कोरी होते.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अभियंते विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत मांडली: ठरावीक जमिनीला काही वर्षांसाठी पाणी मंजूर, दर हंगामाला नवा अर्ज नको. सर्व्हरमधलं 'रिझर्व्हेशन' जवळपास हेच. प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा मॅक क्रमांक असतो. तो जमिनीचा गट नंबर समजा. वहीत एक ओळ टाकायची: या मॅकला कायम १९२.१६८.१.५०. प्रिंटरला काहीच सांगावं लागत नाही. तो नेहमीसारखी हाक मारतो आणि दर वेळी तोच पत्ता घेऊन परततो.

पुष्कळ जण उलटं करतात. थेट प्रिंटरमध्येच पत्ता ठोकून देतात, सर्व्हरला पत्ताच नाही. मग एक दिवस तोच आकडा कुणाच्या तरी लॅपटॉपला मिळतो आणि दोघांचंही काम अडतं. पाटकऱ्याला न विचारता चारी फोडावी, तसला हा प्रकार.

मोबाइलला कायमचा पत्ता द्यायचा तर आणखी एक मेख आहे. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक न दाखवता बनावट दाखवतो. माग काढणाऱ्यांना चकवायला ते बरंच; पण वहीत खरा मॅक लिहिला असेल तर सर्व्हरला तो फोन अनोळखीच वाटतो. आपल्या वायफायपुरती ही सोय फोनच्या सेटिंगमध्ये बंद करता येते.